तिचं तिला येऊ दे

समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याच्या तोंडासमोर आपला तळवा आडवा धरायचा, ही तिची खोड. हात लावायची नाही, पण असा धरायची की बोलणारा माणूस जागच्या जागी गप्प व्हायचा. मग हलक्या आवाजात म्हणायची, "सांगू नका. तिचं तिला येऊ दे."

माझ्या सासूबाईंच्या तोंडासमोर असा हात धरणारी ही एकच बाई मी जन्मात पाहिली. तेवढ्यासाठी तरी मी तिचे पाय धरायला हवे होते. पण तोच हात दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडासमोर आला आणि तिथून आमचं बिनसलं.

मालवणच्या एका लहानशा धर्मादाय इस्पितळात ती नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. मूळची घाटावरची. जाड भिंगांचा चष्मा, कांजी केलेलं पांढरं पातळ आणि करकरणाऱ्या वहाणा. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. त्या खोलीत आल्या की आपण उगाचच काहीतरी सांडून ठेवलंय असं वाटायला लागतं. मासे तिला आवडत, पण काट्यांची भीती वाटे. एक तुकडा खायला तिला आमच्या अख्ख्या जेवणाएवढा वेळ लागायचा, आणि खाताना चेहरा असा, की जणू सुईत दोरा ओवते आहे.

तिची माझी गाठ पडली ती माझ्या मुलीमुळे. शकू तेव्हा आठ वर्षांची होती. नवे पैसे नुकतेच चालू झाले होते आणि आमचा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता. आमचं घर आचऱ्याला. मे महिन्यात शकू परसातल्या काजूवर चढली. काजूची फांदी ठिसूळ असते हे आमच्याकडच्या प्रत्येक पोराला माहीत असतं, आणि प्रत्येक पोर तिच्यावर चढतंच. खाली दगडांचा गडगा, म्हणजे कुंपण, होता. त्यावर डोकं आपटलं. रक्त फारसं आलं नाही, म्हणून सासूबाईंनी हळद दाबली आणि म्हणाल्या, "काय होवचा नाय." पण पोर डोळे उघडेना. मग बैलगाडी, खाडीवर होडी, पलीकडे पुन्हा गाडी, असं करत तिला मालवणला आणलं. सबंध वाटेत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

डॉक्टर म्हणाले, "शुद्धीवर येईल. आल्यावर काय काय शाबूत आहे ते बघत जाऊ."

शुद्धीवर आली. डोळे उघडून तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागच्या खिडकीकडे पाहिलं. दोन्हीकडे सारखंच. मी खिडकी होते आणि खिडकी मी होते. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. तिने चालावं, बोलावं, शाळेत जावं हे सगळं नंतर. तिने मला ओळखावं.

आता आमच्याकडची रीत बघा. आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण खाटेवर वाकून पहिला प्रश्न विचारणार, "माका वळाखलंस?" आणि पोर उत्तर द्यायच्या आत स्वतःच सांगणार, "अगो, मी तुझी आत्या!" पोर मान हलवणार. की लगेच बाहेर येऊन बातमी, "वळाखल्यान! माका वळाखल्यान!" आमच्या वाडीतली निम्मी माणसं अशी शकूने ओळखलेली होती. जी तिने पडण्याआधी कधी पाहिलीही नव्हती, तीसुद्धा.

सिस्टरने हे दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी दारात स्टूल टाकून बसली. आत येणाऱ्याला एकच सूचना. नाव सांगायचं नाही, नातं सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही. "तुम्ही सांगितलेलं ती परत सांगते. त्याला आठवण म्हणत नाहीत."

शकूचे वडील मुंबईला एका कचेरीत कारकून होते. तार मिळाली तसे बोटीने आले. हातात रबरी चेंडू होता. "शकू, बाळा, मी तुझा..." एवढ्यात तळवा त्यांच्या तोंडासमोर. ते तसेच उभे राहिले. शकूने त्यांना बघितलं, चेंडू घेतला आणि परक्या माणसाला म्हणतात तसं म्हणाली, "बसा." ते व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. मला त्या सिस्टरचा इतका राग आला की हातातलं पेजेचं भांडं मी दाणकन खाली ठेवलं.

रोज सकाळी तिचा खेळ चालायचा. तुझं नाव काय? आपण कुठे आहोत? आता सकाळ की संध्याकाळ? आज वार कोणता? मग कनवटीची चौकड्यांची हातरुमाली काढायची, त्यात तीन वस्तू. एखादा शिंपला, अबोलीचं फूल, नवा पैसा. शकूच्या हातात एकेक द्यायची, परत घ्यायची, रुमालीला गाठ मारून कमरेला खोचायची. दुपारी येऊन विचारायची, "माझ्या कमरेला काय काय आहे?" सासूबाई शेजारी बसून मनातल्या मनात तीच परीक्षा द्यायच्या. एकदा माझ्या कानात म्हणाल्या, "शिंपलो, फूल... अगो, तिसरा काय गो?" मी तळवा त्यांच्या तोंडासमोर धरला. लग्न झाल्यापासून एवढं सुख मला मिळालं नव्हतं.

वाराच्या प्रश्नाला शकू रोज "सोमार" म्हणायची. मंगळवारी सोमार, शुक्रवारी सोमार. सिस्टर चिंतेत पडली. डॉक्टरांना म्हणाली, "दिवसांचं भान अजिबात नाही." मीही घाबरले. शेवटी सिस्टरने तिलाच विचारलं, "सोमवार कशावरून गं?" शकू म्हणाली, "नुस्ता नाय मा." तिला रोज नुसती पेज आणि मीठ मिळत होतं. नुस्ता म्हणजे मासे; आमच्या घरात ताटात ते नाहीत की सोमवार. पोरीने सरळ हिशेब केला होता. सिस्टर इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी नाही हसले. मला वाटलं, हे मला कळायला हवं होतं. हिला का आधी विचारावंसं वाटलं?

आणि मग तो दिवस आला. सकाळी सिस्टरच्या वहाणा वाजल्या आणि शकू उठून बसली. "काल तू शिंपलो दाखयलंस," ती म्हणाली. विचारल्याशिवाय म्हणाली. काल आजमध्ये पोचला होता. डॉक्टर धावत आले, सासूबाईंनी देवाला हात जोडले. सगळे आनंदात. मी मात्र खाटेच्या पायथ्याशी उभी राहून जळत होते. तोंडावर खोटं हसू आणायचीही ताकद नव्हती. माझ्या मुलीला पहिली आठवण झाली ती तिची. आठ वर्षं पुसली गेली आणि त्या कोऱ्या जागेवर पहिली येऊन बसली ती घाटावरची करकरणारी बाई.

तुम्ही म्हणाल, पोर बरी होत होती, आईने असा हेवा करावा? करावा. मी केला. तिच्या येण्याची वेळ झाली की शकू दाराकडे बघायची, तेव्हा माझ्या पोटात दुखायचं. ती केस विंचरायला बसली की शकू मान वाकडी करून द्यायची. माझ्या हातात फणी आली की "हळू गो" म्हणायची. मी हळूच विंचरायचे. इतकं हळू की गुंता तसाच राहायचा.

पुढे एकदा सिस्टरने माझ्याकडे बोट करून विचारलं, "ही कोण?"

शकू म्हणाली, "वैनी."

मी ओंजळीत तोंड घालून रडायला लागले. आनंदाने! आणि सिस्टर मान हलवत डॉक्टरांकडे निघाली, "आईला अजून ओळखत नाही." सासूबाई तिच्या मागे धावल्या. "अगो बाये, आमच्या घरात हिका सगळीच वैनी म्हणतत! पोर आणि काय म्हणतली?"

खरंच होतं ते. मी घरातली थोरली सून. दीर मला वैनी म्हणत, ते ऐकून शेजारी म्हणत, ते ऐकून माझी मुलगी म्हणे. आणि दीर सासूबाईंना आये म्हणत, म्हणून शकूची आयेही त्याच. आमच्याकडे कितीतरी घरांत असंच. यात काही वेगळं आहे हे मला कधी जाणवलंही नव्हतं. सिस्टरने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "तुम्हाला चालतं हे?" कुणी विचारेपर्यंत चालत होतं.

पण ती तिथे थांबली नाही. संध्याकाळी व्हरांड्यात मला बाजूला घेऊन म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. पण तुमचे दीर रोज इथे येतात, वैनी वैनी करतात. तिने ते इथेच ऐकलं असेल. हाक मारली म्हणजे ओळखलं असं नव्हे. असं काहीतरी मला द्या, जे पडायच्या आधीचं आहे आणि फक्त तुमच्या दोघींचं आहे. इथे कुणी उच्चारलेलं नको. मी विचारीन."

मी विचार करायला लागले. शकूला न्हाऊ कोण घालायचं? आये. वेणी? धाकटी जाऊ. पाढे दीर घ्यायचे, गोष्टी आये सांगायच्या, झोपायची ती आयेच्या कुशीत. मी भात घालायचे. भात काय, मी सगळ्यांनाच घालायचे. माझं आणि माझ्या मुलीचं असं दोघींपुरतं काय होतं? जी बाई मला हा प्रश्न विचारत होती तिच्याजवळ रुमाली होती, शिंपला होता, सोमवारचा विनोद होता. माझ्याजवळ काय?

मग आठवलं.

मासे साफ करायचं काम माझं. मागीलदारी विळी घेऊन मी बसले की शकू येऊन उकिडवी बसायची. ढोमो नावाचा मासा असतो. त्याच्या डोक्यात, आत अगदी मधोमध, दोन पांढरे खडे निघतात, तांदळाहून मोठे, गुळगुळीत. ते मी तिला काढून द्यायचे. ती धुवायची, राखेत घोळवून वास घालवायची आणि करटीत, म्हणजे नारळाच्या करवंटीत, जमवायची. ती करटी न्हाणीच्या दगडामागे लपवलेली. आयेला कळलं असतं तर मासळीची घाण म्हणून करटीसकट माडाच्या बुंध्याशी फेकली असती. सबंध घरात ते आम्हा दोघींनाच माहीत होतं.

सिस्टर माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. "काही आहे?"

"नाही," मी म्हटलं. "तसं काही नाही."

सगळं तिला मिळालं होतं. एवढं एक मी तिच्या रुमालीत बांधायला देणार नव्हते. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. तिने विचारलं आणि शकूने नुसतंच खिडकीकडे बघितलं तर? मग माझ्याजवळ विचारायला दुसरं काही उरलं नसतं.

ती निघाली, मग वळून म्हणाली, "एक लक्षात ठेवा. अशी पोरं बरी होतात आणि इस्पितळातले हे दिवस विसरतात. आमच्यातलं कुणी त्यांना पुढे आठवत नाही. आणि ते बरंच आहे." मला वाटलं, समजूत घालते आहे. मला तिची समजूत नको होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेले आणि ढोमे घेऊन आले. इस्पितळाच्या मागे नातेवाइकांनी चुली मांडलेल्या असत. तिथे बसून एकाचं डोकं फोडलं. घाईत विळी लागली. दोन खडे निघाले. ते धुतले, चुलीतल्या राखेत घोळवले. सिस्टर बाजूच्या खाटेवर कुणाची तरी पट्टी बदलत होती. मी सरळ शकूजवळ गेले, तिचा हात उघडला आणि त्यात खडे ठेवले.

सिस्टर ताडकन उठली. तळवा माझ्या तोंडासमोर. मी काही बोलणारच नव्हते, पण तो हात तसाच राहिला. तिला ते खडे काय आहेत हेच कळलं नव्हतं. "हे काय, दात?" असं ती पुटपुटली.

शकूने खडे बोटांनी फिरवले. नाकाशी नेले. बराच वेळ काही झालं नाही. मग तिने मान वर केली आणि आधी सासूबाई कुठे बसल्या आहेत ते बघितलं. त्या लांब दाराशी कुणाशी तरी बोलत होत्या. मग शकू मला जवळ ओढून कानात म्हणाली,

"करटी खंय आसा? आयेक सांगा नको हां, वैनी."

मी तिला धरलं ते सोडलंच नाही. सिस्टर विचारत होती, "काय म्हणाली? काय सांगू नको?" शकूने माझ्या खांद्यावरून तिच्याकडे बघितलं. म्हणाली, "तुका सांगूचा नाय." देवाशपथ सांगते, तेवढ्या वाक्यावर मी आणखी दहा वर्षं सासरी सुखाने काढली असती. सिस्टरनेही पुन्हा विचारलं नाही. डॉक्टरांना एवढंच म्हणाली, "आईला ओळखलं. पक्कं." आणि दुसऱ्या पट्टीकडे वळली. वळताना चष्मा पुसत होती, पण तिचा चष्मा नेहमीच घामाने धूसर व्हायचा.

घरी निघायच्या दिवशी मात्र शकूने मला दगा दिला. गाडीत चढताना तिने मूठ उघडली आणि एक खडा सिस्टरच्या हातावर ठेवला. "ह्यो तुका. ढोम्याचो. एक माका करटीत." आमच्या दोघींचं गुपित तिने मला न विचारता असं वाटून टाकलं. सिस्टरने खडा रुमालीत बांधला. मी तोंड फिरवून बैलांकडे बघत बसले.

शकू बरी झाली. जरा तिरकी चालायची, ते दोन पावसाळ्यांत गेलं. शाळेतही जायला लागली. पाढ्यांत अडखळायची, पण ती आधीही अडखळायची असं सासूबाई म्हणत. घरात मी वैनीच राहिले. पण मासे साफ करताना ती शेजारी येऊन बसली की ती हाक मला निराळीच ऐकू यायची.

तीनचार वर्षांनी, जत्रेच्या दिवसांत, दुपारच्या एसटीने सिस्टर आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. वहाणांवरूनच ओळखली. केस पिकले होते. तिची घाटावर बदली झाली होती, दोन दिवसांनी जायचं होतं. "म्हटलं, पोरीला बघून जावं," ती म्हणाली. एवढ्या उन्हात, एवढ्या लांब.

शकू आतून आली. मी सवयीने म्हणायला लागले, "अगो, बघ कोण..." आणि तळवा माझ्या तोंडासमोर आला. अगदी तसाच. चष्म्यामागचे डोळे मात्र शकूवर.

शकूने तिच्याकडे पाहिलं. आदराने, नीट पाहिलं. मग ओटीवरचा पाट पुढे सरकवून म्हणाली, "बसा. पाणी हाडतंय."

मी चार वर्षं ज्या क्षणाची वाट बघत होते तो हाच असायला हवा होता. माझी मुलगी मला ओळखत होती आणि तिला ओळखत नव्हती. मी जिंकले होते. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात शकूला ओरडून सांगत होते, अगो, शिंपलो! रुमाली! सोमार! माझ्या तोंडासमोरचा हात हलला नाही.

पाणी पिऊन झाल्यावर सिस्टरने कनवटीची रुमाली सोडली आणि तळहात पुढे केला. "हे काय आहे, सांगशील?"

शकूचा चेहरा फुलला. "ह्यो तर ढोम्याचो खडो! तुमका खंय गावलो?"

"असाच," सिस्टर म्हणाली. "मालवणात दिला एका मुलीने."

"माझ्याकडे करटीभर आसत," शकू म्हणाली. "व्हये तर आणखी देतंय." सिस्टरने मान हलवली. एक पुरे, म्हणाली. खडा परत रुमालीत बांधला, शकूच्या डोक्यावरून हात फिरवताना जुन्या जखमेच्या जागी बोटं किंचित थांबली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "छान बरी झाली." जेवायला थांबा म्हटलं तर ढोमे असतील, काटे असतात, म्हणून हसली. परतीच्या एसटीला वेळ होता, तरी निघाली.

आम्ही दोघी गडग्यापर्यंत पोचवायला गेलो. वळणावर तिने मागे पाहिलं. शकूने नुसताच हात हलवला, पाहुण्यांना हलवतात तसा. पांढरं पातळ काजूंच्या आड गेलं. पुढे ती कुठे गेली, आहे की नाही, काही कळलं नाही.

"वैनी," शकूने विचारलं, "ती बाय कोण होती गो?"

माझा हात आपोआप वर उठला होता, माझ्याच तोंडासमोर. तो मी खाली घेतला. शकूला तिथेच, त्या गडग्यावर, शेजारी बसवलं आणि सांगायला सुरुवात केली.